कठीण धातू, सवंग भाव आणि यंत्राची वाट

आपल्या बीड जिल्ह्यातील कारीगर कुटुंबांत अलीकडे एक नवा शब्द रुळला आहे : व्हीएमसी. पूर्वी लेकरू दहावी झाले की बाप त्याला वेल्डिंगच्या, मोटर रिवाइंडिंगच्या किंवा लेथच्या दुकानात उस्तादाच्या हाताखाली बसवीत असे. आता तेच मूल वाळूजला नाहीतर चाकणला जाते, बारा तासांच्या पाळीत यंत्राचे दार उघडते, जॉब बसवते, हिरवे बटण दाबते आणि महिन्याकाठी ठरलेला पगार घेते. काही हिंमतवाले परत येतात, जमिनीचा तुकडा विकतात किंवा कर्ज काढतात आणि जुने व्हीएमसी यंत्र आणून गावातच जॉबवर्क सुरू करतात. या हिंमतीची आम्ही कदर करतो. पण गेल्या काही वर्षांत अशी दुकाने सुरू होताना जशी आम्ही पाहिली, तशी बंद पडतानाही पाहिली, आणि त्यामागचे कारण बहुतेक वेळा एकच दिसले. यंत्र आले, पण यंत्राला चालवणारी विद्या आली नाही. काम आले, पण त्या कामाचा खरा भाव काढता आला नाही.

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत. धातूच्या कामावर आम्ही का लिहावे, असा प्रश्न वाचक बंधूंना पडेल. त्याचे उत्तर सोपे आहे. दुकानदाराला कापडाची जात कळली नाही तर तो मलमल आणि कॅनव्हास एकाच कात्रीने, एकाच मजुरीने कापील आणि दोन्हीकडे नुकसान करून बसेल. धातूचेही नेमके हेच आहे. शिवाय ही यंत्रे ज्या कल्पनेवर चालतात ती कल्पना मुळात आमच्याच धंद्यातून निघालेली आहे.

नक्शबंद आणि विणकर

बनारसच्या किमखाबाच्या मागावर पूर्वी दोन प्रकारचे कारीगर असत. एक विणकर, जो धोटा टाकी. दुसरा नक्शबंद, जो बेलबुट्टीचा नकाशा दोऱ्यांत बांधून मागाला देई. कोणता ताणा केव्हा उचलायचा, हे नक्शबंदाने आधीच दोऱ्यांत गुंफलेले असे. विणकर त्याप्रमाणे हात चालवी. पुढे १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डने हीच गोष्ट भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर आणली. पुठ्ठा बदलला की नक्षी बदलली. १९५२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवरून जे आकड्यांवर चालणारे पहिले मिलिंग यंत्र दाखवले, त्यालाही हुकूम भोकांच्या कागदी पट्टीवरूनच मिळत होता. पट्टी गेली, संगणक आला, आणि तेच आजचे सीएनसी.

म्हणजे आजचा प्रोग्रामर हा धातूचा नक्शबंद आहे. टूलने कोठून शिरावे, किती खोल जावे, कोपऱ्यात कसे वळावे, कोठून बाहेर यावे, ही सारी वाट तो आधी ठरवतो. बटण दाबणारा ऑपरेटर त्या वाटेवर यंत्र सोडतो. आपली मुले आज मोठ्या संख्येने बटणाजवळ उभी आहेत, नकाशाजवळ फार थोडी आहेत. जो नकाशा बांधतो त्याची जागा सहसा दुसऱ्याला देता येत नाही. जो बटण दाबतो त्याच्या जागी उद्या दुसरा येतो, परवा यांत्रिक हात येतो. आमचे म्हणणे इतकेच आहे की आपल्या मुलांनी नक्शबंद व्हावे. त्यासाठी काय शिकावे लागते, ते पुढे जमेल तेवढ्या साध्या भाषेत मांडतो.

आधी धातूची जात ओळखा

माइल्ड स्टील, म्हणजे आपल्याकडचे साधे लोखंड, हे सोशिक असते. चुकीचा वेग, बोथट टूल, थोडे कूलंट, सारे ते खपवून घेते. त्यामुळे त्यावर शिकलेल्या माणसाला वाटते की आपल्याला मिलिंग आले. खरी परीक्षा पुढच्या धातूंवर होते.

स्टेनलेस स्टील, विशेषतः ३०४ आणि ३१६ जातीचे, आपल्या भागात खूप येते. साखर कारखान्यांचे पंप, दूध डेअरीचे जोड, खाद्यपदार्थांची यंत्रे, सर्वत्र तेच. याचा स्वभाव असा की टूल त्याला कापण्याऐवजी नुसते घासत राहिले तर घासलेला थर आणखी कडक होतो, आणि पुढचा दात त्या कडक थरावर आपटतो. म्हणून "धातू कठीण आहे, हळू चालवा" हा सल्ला येथे अर्धाच खरा आहे. टूलच्या फिरण्याचा वेग कमी करावा हे बरोबर, पण प्रत्येक दाताचा घास फार बारीक करू नये. दाताने चिप उचललीच पाहिजे. कामाला टेकलेले टूल जागेवर फिरवत ठेवणे तर कटाक्षाने टाळावे.

टायटॅनियमची अडचण उष्णतेची आहे. साध्या पोलादातून उष्णता जितकी पटकन वाहून जाते त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्यानेच ती टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूतून जाते. स्टेनलेसमध्येही ती साध्या पोलादाच्या सुमारे एक तृतीयांशच. मग ती उष्णता जाणार कोठे? टूलच्या धारेत. धार जळते, टूल जाते. म्हणून तेथे वेग आणखी कमी, कूलंट भरपूर आणि टूल एका वेळी थोड्याच रुंदीने कामात गुंतलेले असावे. एक इशारा येथेच देतो. टायटॅनियमचा बारीक कीस पेट घेतो, आणि पेटलेल्या किसावर पाणी टाकले तर आग भडकते. जवळ कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचे खास अग्निशामक असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

इन्कोनेल हा निकेलचा मिश्रधातू तापूनही आपली ताकद सोडत नाही. विमानाच्या इंजिनात तो याच गुणासाठी वापरतात, आणि हाच गुण कापणाऱ्याचा शत्रू होतो. खडी क्रशरच्या जबड्याच्या प्लेटा बहुतेक बारा-चौदा टक्के मँगनीजच्या पोलादाच्या असतात; त्या मार खाऊन अधिकच कडक होतात. अशी प्लेट कोणी "फक्त दोन भोके पाडून द्या" म्हणून घेऊन आला तर टूलचा खर्च डोळ्यांसमोर आणूनच हो म्हणावे. डायसाठीचे डी-२ पोलाद उष्णतोपचारानंतर सुमारे ६० एचआरसीपर्यंत जाते. त्यातले जास्तीत जास्त कापकाम ते मऊ असतानाच करून घ्यावे आणि कडक झाल्यावर दशांश मिलिमीटरचाच घास ठेवावा.

आता धातूची जात ओळखायची कशी? भंगार बाजारात लोहचुंबक लावून "चिकटला नाही, म्हणजे ३०४ आहे" असा निकाल देण्याची पद्धत आहे. ही पद्धत फसवी आहे. २०२ सारखे स्वस्त स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही. गिऱ्हाईकाने माल दिला असेल तर त्याच्याकडून टेस्ट सर्टिफिकेट मागावे, आणि माल आपण घेणार असू तर सर्टिफिकेटशिवाय घेऊ नये. आम्ही सुताचा काउंट पाहिल्याशिवाय गाठ घेत नाही; धातूवाल्याने ग्रेड पाहिल्याशिवाय का घ्यावे?

वेग आणि घास : दोन ओळींचा हिशेब

पुष्कळ ऑपरेटर वेग अंदाजाने ठेवतात किंवा आधीच्या माणसाने ठेवलेला चालवतात. वास्तविक हा हिशेब दहावीच्या गणिताचा आहे.

पहिली ओळ : धातूनुसार ठरलेला कापण्याचा वेग (मिनिटाला मीटर) घ्या, त्याला १००० ने गुणा, आणि ३.१४ गुणिले टूलचा व्यास (मिमी) याने भागा. टूलचे मिनिटाचे फेरे निघाले.

दुसरी ओळ : फेरे गुणिले दातांची संख्या गुणिले एका दाताचा घास (मिमी). टेबलाची फीड निघाली.

१० मिमी व्यासाची, चार दातांची कार्बाइड एंडमिल धरून पाहू. खालचे वेग सुरुवातीसाठी आहेत. टूल बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्याशी ते ताडून घ्यावेत.

माइल्ड स्टील : वेग १५०, फेरे सुमारे ४,७७५, घास ०.०५, फीड मिनिटाला सुमारे ९५५ मिमी.
स्टेनलेस ३०४ : वेग ८०, फेरे सुमारे २,५४६, घास ०.०४, फीड सुमारे ४०७ मिमी.
टायटॅनियम : वेग ५०, फेरे सुमारे १,५९२, घास ०.०४, फीड सुमारे २५५ मिमी.
इन्कोनेल : वेग ३०, फेरे सुमारे ९५५, घास ०.०३, फीड सुमारे ११५ मिमी.

हे आकडे नीट पाहा. तोच जॉब, तेच टूल, तीच वाट; पण माइल्ड स्टीलला जेथे एक तास लागतो तेथे स्टेनलेसला दोन तास वीस मिनिटे आणि इन्कोनेलला आठ तासांहून अधिक लागतात. घासाची खोली आणि रुंदीही कठीण धातूत कमी ठेवावी लागते, ती वेळ वेगळी. या चार ओळींत सगळ्या दुकानाचा नफातोटा आहे. त्याकडे आम्ही पुढे परत येणार आहोत.

टूल पकडण्याबाबत एक गोष्ट. टूल होल्डरच्या बाहेर जितके जास्त काढाल तितके ते वाकते, आणि वाकण्याचे प्रमाण लांबीच्या घनाने वाढते. ३० मिमीऐवजी ६० मिमी बाहेर काढले तर तेवढ्याच जोराला वाक दुप्पट नव्हे, आठपट होतो. स्टेनलेसमध्ये "टूल ओरडते" म्हणून जी तक्रार असते तिचे मूळ बरेचदा येथे असते. कोलेट झिजलेले असेल तर टूल वाकडे फिरते आणि सगळा भार एक-दोन दातांवर येतो. हजार-बाराशेचे कोलेट वाचवून त्याच पैशाची टूल रोज मोडणे हा व्यापार नव्हे.

टूलची वाट : येथेच हुनर आहे

आता प्रोग्रामकडे येऊ. संगणकावरील सॉफ्टवेअर वाट आखून देते हे खरे, पण कोणत्या प्रकारची वाट हवी हे त्याला माणसाने सांगावे लागते. पुढील सहा गोष्टी आम्ही जाणत्या सेटर मंडळींकडून वेळोवेळी समजून घेतल्या आहेत.

१. शिरण्याची वाट. कठीण धातूत टूल सरळ खाली खुपसू नये. एंडमिलच्या मध्यभागी फिरण्याचा वेग जवळजवळ शून्य असतो. तेथे धातू कापला जात नाही, चिरडला जातो. त्याऐवजी गोल जिन्यासारखे फिरत किंवा दोन-तीन अंशांच्या उतारावरून खाली उतरावे. बाजूने शिरतानाही काटकोनात धडकण्यापेक्षा कमानीतून शिरावे.

२. कापण्याची दिशा. टूल फिरते त्या दिशेचा विचार करून अशी वाट घ्यावी की दात जाड चिपेने आत शिरेल आणि पातळ होत बाहेर पडेल. याला क्लाइंब मिलिंग म्हणतात. सरळ फिरणाऱ्या नेहमीच्या टूलसाठी जी-४१ ची भरपाई, म्हणजे टूल वाटेच्या डाव्या हाताला, ही दिशा देते. यात घासणे कमी होते, म्हणून स्टेनलेस व टायटॅनियमला ती मानवते. मात्र ओतकामाची किंवा गॅसने कापलेल्या प्लेटची वरची काळी कडक साल काढायची असेल, किंवा यंत्राचे स्क्रू ढिले झाले असतील, तर उलटी दिशा बरी.

३. गुंतण्याची रुंदी. टूलच्या पूर्ण रुंदीने खाच पाडताना टूलचा अर्धा घेर, म्हणजे १८० अंश, सतत धातूत असतो. दाताला थंड व्हायला सवडच मिळत नाही. तेच टूल व्यासाच्या फक्त १० टक्के रुंदीने चालवले तर गुंतलेला भाग सुमारे ३७ अंश उरतो. मग खोली खूप जास्त घेता येते आणि टूलची संपूर्ण धार कामाला लागते. पूर्ण खाच पाडण्याऐवजी टूलने लहान लहान वर्तुळे घेत पुढे सरकण्याची जी पद्धत आहे ती याच तत्त्वावर उभी आहे. सॉफ्टवेअरमध्ये तिला ट्रोकॉइडल किंवा ॲडॅप्टिव्ह अशी नावे असतात.

४. पातळ चिपेचा हिशेब. वरील पद्धतीत पुष्कळांचे एक चुकते. रुंदी कमी केली की चिप कागदावरच्या घासापेक्षा पातळ निघते. १० टक्के रुंदीला ती सुमारे ६० टक्केच जाड असते. म्हणजे ०.०४ चा घास प्रत्यक्षात ०.०२४ चा होतो आणि टूल पुन्हा घासू लागते. त्यामुळे तेथे फीड सुमारे १.६७ पट वाढवावी लागते. ५ टक्के रुंदीला ही वाढ २.३ पटीच्या घरात जाते. ही गोष्ट ज्याला कळली तो टूल वाचवतो आणि वेळही वाचवतो.

५. कोपरा. टूल सर्वाधिक कोठे मोडते? आतल्या कोपऱ्यात. सरळ वाटेवर ३७ अंश गुंतलेले टूल तीक्ष्ण काटकोनात पोचताच तिप्पटीहून अधिक गुंतू शकते. ड्रॉइंगमध्ये कोपऱ्याची त्रिज्या ६ मिमी असेल तर १२ मिमीचे टूल अगदी बेताचे बसते असे पाहून अनेक जण तेच लावतात. तेथे १० किंवा ८ मिमीचे टूल घेऊन कोपऱ्यात कमानीने वळावे. शक्य असेल तर गिऱ्हाईकाला विचारावे की कोपऱ्याची त्रिज्या थोडी वाढवली तर चालेल काय. पुष्कळदा चालते, कोणी विचारलेलेच नसते.

६. कूलंट. स्टेनलेस आणि टायटॅनियमला कूलंटची धार सतत धारेवर हवी, आणि त्यातील तेलाचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने मोजलेले हवे. उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि बीडच्या उन्हात ते लवकर उडते. नुसते पाणी किंवा नुसते तेल अंदाजाने ओतून प्रमाण राहत नाही. याउलट बिडाच्या ओतकामाला बहुधा कोरडेच कापावे, नाहीतर भुकटीचा चिखल होतो. कडक केलेल्या पोलादावर कार्बाइड टूल चालवताना अर्धवट कूलंटपेक्षा हवेचा झोत चांगला, कारण गरम-थंड गरम-थंड होऊन धारेला तडे जातात.

याखेरीज सुरक्षेच्या दोन सवयी. नवा प्रोग्राम पहिल्यांदा हवेत, जॉबच्या वर ५० मिमी ठेवून, एकेक ओळ करून चालवावा. टूल बदलल्यानंतर जी-४३ पुढचा एच क्रमांक त्याच टूलचा आहे की नाही हे बोट ठेवून पाहावे. क्रमांक चुकला तर यंत्र दुसऱ्याच टूलची लांबी धरते आणि जलद गतीने वाइसवर उतरते. एका ओळीच्या निष्काळजीपणाने स्पिंडलचे बेअरिंग जाते आणि वर्षाची कमाई त्यामागे जाते. आपल्याकडे वीज न सांगता जाते, हेही ध्यानात ठेवावे. प्रत्येक टूलचा भाग प्रोग्राममध्ये स्वतंत्र सुरू होईल असा लिहिला तर वीज आल्यावर त्या टूलपासून काम पुन्हा धरता येते.

भाव कसा काढावा

आता व्यापाऱ्याच्या विषयावर येतो. आमच्या माहितीतील एका तरुणाने गावातच यंत्र लावले. माइल्ड स्टीलच्या एका जॉबचा त्याला बरा भाव मिळत होता. गिऱ्हाईक म्हणाले, आता हाच जॉब स्टेनलेसमध्ये हवा आहे, ड्रॉइंग तेच आहे, थोडे वाढवून देऊ. त्याने वीस टक्के वाढवून मागितले, गिऱ्हाईकाने आनंदाने दिले. तीन महिन्यांनी यंत्राचा हप्ता थकला. दिवसरात्र यंत्र चालू, आणि गल्ल्यात काही नाही. मुलगा मेहनती होता, प्रामाणिक होता. त्याला वरचा चार ओळींचा तक्ता कोणी दाखवला नव्हता.

समजा यंत्राचा तासाचा खर्च ५०० रुपये आहे. त्यात हप्ता, वीज, माणूस, भाडे, दुरुस्ती सगळे आले. माइल्ड स्टीलच्या एका नगाला कापायला २० मिनिटे आणि बसवायला-काढायला ५ मिनिटे लागतात. २५ मिनिटांचे सुमारे २०८ रुपये झाले. १,५०० रुपयांची एंडमिल ६० नग देते असे धरले तर नगामागे २५ रुपये. एकूण २३३ रुपये.

तोच नग स्टेनलेसमध्ये. कापण्याची वेळ २० ची ४७ मिनिटे होते. बसवणे ५ मिनिटे. ५२ मिनिटांचे सुमारे ४३३ रुपये. तीच एंडमिल आता २० च नग देते, म्हणजे नगामागे ७५ रुपये. एकूण ५०८ रुपये. खर्च दुपटीहून अधिक झाला, आणि भाव वीस टक्के वाढला! ज्या दिवशी ऑर्डर मिळाली म्हणून पेढे वाटले त्याच दिवशी घाटा ठरून गेला होता.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाने आपल्या यंत्राचे आकडे घालावेत. पण पद्धत हीच. आणि याच हिशेबाची दुसरी बाजू आशेची आहे. ज्याने वर सांगितलेली वाट शिकून घेतली, तो ५२ मिनिटे ३५ वर आणू शकतो आणि टूलचे नग २० चे ३५ करू शकतो. त्याचा खर्च ३३५ रुपयांच्या आसपास येतो. बाजारभाव ५५० असेल तर त्याला जे उरेल ते माइल्ड स्टीलवाल्याला कधीच उरणार नाही. सोपे काम सगळेच करतात म्हणून त्याचा भाव पडतो. बरकत कठीण कामात आहे, पण ती जाणकाराच्याच हाती लागते.

नमुन्याचा पहिला नग वाया जाण्याची शक्यता धरून दर द्यावा. गिऱ्हाईकाचा महागडा माल असेल तर नग बिघडल्यास जबाबदारी कोणाची, हे कामाआधी कागदावर लिहून घ्यावे. उद्यम नोंदणी करून ठेवावी. २००६ च्या एमएसएमई कायद्याने लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. तोंडी व्यवहारात हा हक्क सिद्ध करणे अवघड जाते. आपल्या लोकांचा जबानीवर भरवसा ही चांगली गोष्ट आहे, पण लिहून घेणे हा अविश्वास नव्हे.

यंत्र नंतर, विद्या आधी

आमचे स्पष्ट मत आहे की ज्याने दोन वर्षे कोणा जाणत्या सेटरच्या हाताखाली काढली नाहीत त्याने यंत्रासाठी जमीन विकू नये. शिकण्याच्या सोयी आपल्यापासून फार दूर नाहीत. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे. ही केंद्र सरकारच्या एमएसएमई मंत्रालयाखालील संस्था टूल आणि डाय बनवण्याचे, सीएनसीचे दीर्घ व अल्प मुदतीचे अभ्यासक्रम चालवते. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर हे लहान उद्योगांसाठी सामाईक सुविधा केंद्र आहे. बीडसाठी टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने सुमारे १९१ कोटी रुपयांचे प्रशिक्षण केंद्र २०२५ मध्ये मंजूर झाले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगर ते बीड रेल्वेही सुरू झाली. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो हात ऊसतोडीला बाहेर जातात, त्या जिल्ह्यात अशी संधी दारी येते तेव्हा आपल्या मोहल्ल्यांतील मुले पहिल्या रांगेत असली पाहिजेत. बातमी वाचून मान डोलावण्यापेक्षा प्रवेशाची तारीख विचारून यावी.

उर्दू माध्यमाच्या मुलांबाबत थोडे बोलतो, कारण आमचे शिक्षणही त्याच माध्यमात झाले. भाषेच्या भीतीने ही मुले तांत्रिक अभ्यासक्रमाकडे वळत नाहीत. यंत्राची भाषा इंग्रजी, उर्दू, मराठी यांपैकी कोणतीच नाही. जी-०१ म्हणजे सरळ रेषेत कापत जा, जी-०२ म्हणजे घड्याळाच्या दिशेने कमान. असे वीस-पंचवीस हुकूम पाठ झाले की प्रोग्राम वाचता येतो. भूमिती आणि दशांश पक्के हवेत. आपल्या उर्दू शाळांतील गणिताच्या गुरुजनांनी आठवी-नववीतच त्रिज्या, स्पर्शरेषा आणि कोन हे विषय यंत्राच्या उदाहरणांनी शिकवले तर त्यांचे मोठे उपकार होतील.

शेवटी आमच्या व्यापारी बांधवांना एक विनंती. आपला पैसा प्लॉटमध्ये अडकून पडतो. वर्षानुवर्षे त्यावर गवत उगवते आणि आपण भाव वाढण्याची वाट पाहतो. त्यातला काही भाग हुनरवाल्या तरुणाच्या भागीदारीत का लावू नये? एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफ्याचा हिस्सा आधी ठरलेला : मुदारबतीची ही रीत आपल्याला नवी नाही. मात्र भांडवल देणाऱ्याने वरील हिशेब स्वतः समजून घ्यावा. तरुण स्टेनलेसची ऑर्डर घेऊन आला तर "किती मिळतील?" याआधी "नगाला किती मिनिटे?" हे विचारावे. जिल्ह्यातील जिनिंग कारखान्यांच्या सुऱ्या आणि शाफ्ट, साखर कारखान्यांच्या पंपांचे भाग, डेअरीचे जोड, यांची दुरुस्ती आज बाहेरून होऊन येते. चार जाणते कारीगर आणि चार समजदार व्यापारी एकत्र आले तर यातले पुष्कळ काम जिल्ह्यातच राहील.

निजामी काळात बीडच्या कातडी छागला दूरवर नावाजलेल्या होत्या. उन्हात पाणी गार ठेवणारी ती पिशवी बनवणारे हात कमी कसबी नव्हते. जमाना बदलला, माल बदलला, आणि त्या हातांना नवा नकाशा कोणी दिला नाही. आजच्या मुलांच्या हातात यंत्र आले आहे. त्यांना नकाशा बांधायला शिकवण्याची जबाबदारी आपली, बापांची आणि व्यापाऱ्यांची आहे. ज्या घरात मूल यंत्रावर कामाला जाते त्या घरातील वडीलधाऱ्यांनी आज रात्री त्याला एवढेच विचारावे : बाळा, तू बटण दाबतोस की वाट आखतोस? आणि उत्तर पहिले असेल, तर दुसरे शिकण्यासाठी त्याला काय हवे आहे, तेही विचारावे.